अपस्मार व अर्धशिशीवरील औषधे आणि मंदावणारी बुद्धी

अपस्मार म्हणजे ज्याला खेड्यापाड्यांतून फेफरे, आकडी, मिरगी किंवा नुसते ‘फीट’ म्हणतात तो विकार. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे आणि त्यांपैकी शेकडा ७० पर्यंत रुग्णांचे झटके योग्य औषधोपचाराने पूर्णपणे थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भगत, गंडेदोरे आणि झटका आला असता चप्पल हुंगविणे हे प्रकार अजून संपलेले नसले, तरी हा मेंदूचा रोग असून त्यावर गोळ्या मिळतात, ही गोष्ट आता बहुतेकांच्या कानी गेलेली आहे. परंतु गोळ्या सुरू झाल्यावर आणि झटके थांबल्यावर पुढे काय घडते, याची चर्चा फारशी होत नाही. घरोघरी मात्र ती होत असते. “फीट गेली, पण पोरगा पहिल्यासारखा राहिला नाही,” असे आई म्हणते. तोंडपाठ असलेले पाढे म्हणताना तो अडखळतो, बाजारातून चार जिन्नस आणावयास सांगितले तर दोनच आणतो आणि वर्गात पेंगतो. गुरुजी प्रगतिपुस्तकावर ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा लिहितात.

या मंदपणाचा अर्थ लोक बहुधा दोन प्रकारे लावतात. काहींच्या मते रोगाने मेंदूच खाल्लेला असतो, तेव्हा शाळेचा खर्च करण्यात अर्थ उरत नाही. काहींच्या मते गोळीच वाईट, तेव्हा ती बंद केलेली बरी. पहिल्या समजुतीने मूल शाळेतून काढले जाते. दुसरीने त्याचा जीव धोक्यात येतो. वस्तुतः औषधाने येणारी मंदता हा सर्वांस परिचित असा दुष्परिणाम असून मात्रा बदलून, औषध बदलून किंवा दोन औषधांऐवजी एकच देऊन तो पुष्कळदा दूर करता येतो. मात्र त्यासाठी तो आधी डॉक्टरांच्या कानावर जावा लागतो, आणि तेथेच सारे अडते. झटके आले का, एवढेच विचारले जाते, आणि रुग्णही तेवढ्याचेच उत्तर देतो.

औषध बुद्धीला का शिवते

मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत्प्रवाहाच्या साहाय्याने संदेशांची देवाणघेवाण करतात. झटक्याच्या वेळी असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात आणि आवर न घालता येईल अशा वेगाने संदेश सोडू लागतात. वर्गातील सगळी मुले एकदम ओरडू लागली म्हणजे जे होते, तेच मेंदूत घडते. अपस्मारावरील औषधे पेशींची ही उत्तेजितता कमी करतात. काही औषधे पेशीच्या आवरणातील सोडियमची द्वारे आवरतात, तर काही मेंदूतील नैसर्गिक शामक रसायनाचा प्रभाव वाढवितात. परंतु गुरुजींनी छडी आपटून ‘गप्प!’ म्हटले, तर गोंगाट करणाऱ्यांबरोबर प्रश्नाचे उत्तर देऊ पाहणारा मुलगाही गप्प बसतो. लक्ष देणे, ऐकलेले क्षणभर मनात धरून ठेवणे आणि नेमका शब्द शोधणे ही कामेही त्याच पेशींना करावयाची असतात. त्यामुळे औषधाची मात्रा जितकी मोठी आणि औषधांची संख्या जितकी अधिक, तितका हा भार वाढतो.

हा भार अटळ आहे असा समज फार जुना आहे. १८५७ साली लंडनमधील एक नामांकित वैद्य व राणी व्हिक्टोरियाचे प्रसूतितज्ज्ञ सर चार्ल्स लोकॉक यांनी अपस्मारावर पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग होतो असे सांगितले. परिणामकारक म्हणता येईल असे हे पहिलेच औषध होय. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्याचेच राज्य होते. झटके कमी होत, पण ब्रोमाइड शरीरात साठत जाई. मग रुग्ण सुस्त होई, बोबडे बोलू लागे, अंगावर पुटकुळ्या उठत व विसराळूपणा इतका वाढे की काहींची रवानगी मनोरुग्णालयात होत असे. १९१२ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरच्या ध्यानी आले की, झोपेसाठी म्हणून दिलेल्या ल्युमिनल या नव्या औषधाने रुग्णांचे झटकेही कमी होत आहेत. हेच आजचे फिनोबार्बिटोन. ब्रोमाइड आणि फिनोबार्बिटोन ही दोन्ही औषधे मुळात गुंगी आणणारी होती. त्यामुळे गुंगी येते म्हणूनच झटका थांबतो, असे वैद्यकशास्त्रासही वाटत होते.

हा समज बोस्टन येथे खोटा ठरला. ह्यूस्टन मेरिट आणि ट्रेसी पटनम या दोन डॉक्टरांनी मांजरांवर विजेच्या साहाय्याने प्रयोग करून एकामागून एक रसायने तपासली आणि १९३८ साली फेनिटॉइनचे गुण प्रसिद्ध केले. झटका थांबविणारे, पण झोप न आणणारे हे पहिले महत्त्वाचे औषध होते. आज एखाद्या रुग्णाला सांगण्यात येते की, ‘फीट थांबवायची असेल तर थोडे पेंगणे सोसलेच पाहिजे’. ते अर्धेच खरे आहे. झटके आवरणे आणि बुद्धी मंद करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सिद्ध होऊन ८५ वर्षांहून अधिक काळ लोटला आहे.

सर्व औषधे सारखी नव्हेत

फिनोबार्बिटोन स्वस्त आहे, दिवसातून एकदा घेतले तरी चालते आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. म्हणून ग्रामीण भागात ते दीर्घकाळ टिकून राहिले. मोठ्या माणसांना त्याने झोप येते. लहान मुलांत कधी नेमके उलट होऊन मूल चंचल व चिडखोर बनते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत, तापात झटके येणाऱ्या लहान बालकांना हे औषध दोन वर्षे दिल्यावर त्यांचा बुद्ध्यंक, औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिलेल्या बालकांपेक्षा, सरासरीने सुमारे सात-आठ गुणांनी कमी आढळला. औषध बंद करून सहा महिने झाल्यावरही तो काही गुणांनी मागेच होता. यावरून पुष्कळांनी हे औषध मुलांसाठी वर्ज्य ठरविले. तथापि १९९८ साली पश्चिम बंगालच्या ग्रामीण भागातील अपस्मारग्रस्त मुलांवर फिनोबार्बिटोन व फेनिटॉइन यांची तुलना झाली, तेव्हा फिनोबार्बिटोनमुळे वर्तनाच्या तक्रारी अधिक होतात असे दिसून आले नाही. या दोन निष्कर्षांत विरोध वाटला तरी त्यातून निघणारा बोध व्यवहारी आहे. तापातील झटके बहुधा वयाबरोबर आपोआप जातात, तेव्हा त्यांच्यासाठी वर्षानुवर्षे बुद्धीवर भार टाकणे रास्त नव्हे. खऱ्या अपस्मारात मात्र, दुसरे काही परवडत नसेल तर, फिनोबार्बिटोन हे काहीच न देण्यापेक्षा कितीतरी चांगले.

फेनिटॉइनचा दोष मात्रेत आहे. इतर बहुतेक औषधांत मात्रा दीडपट केली तर रक्तातील प्रमाणही साधारण दीडपट होते. फेनिटॉइनच्या बाबतीत एका मर्यादेपलीकडे यकृताची ते निकालात काढण्याची शक्ती अपुरी पडते आणि मात्रेतील लहानशा वाढीने रक्तातील प्रमाण एकदम चढते. मग माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, जीभ जड होते, डोळ्यांची बुबुळे थरथरतात आणि विचार गोंधळतो. गावात अशा माणसाची दारुडा म्हणून कुचेष्टा झाल्यास नवल नाही. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध फेनिटॉइनचा निचरा मंद करते, त्यामुळे क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर जुन्याच मात्रेने हा प्रकार घडू शकतो. कार्बामाझेपिन घेणाऱ्याला घसा किंवा छाती बिघडली म्हणून एरिथ्रोमायसिन अथवा क्लॅरिथ्रोमायसिन दिले गेले, तर तेथेही तसेच होते. यास्तव कोणत्याही दवाखान्यात गेल्यावर फिटीच्या गोळ्यांचे पाकीट पुढे ठेवण्याची सवय असावी.

सोडियम व्हॅलप्रोएट हे प्रभावी औषध असून त्याचा बुद्धीवरील भार सामान्यतः मध्यम असतो. तरी काही रुग्णांत रक्तातील अमोनिया वाढून सुस्ती व गोंधळ येतो. ज्या मुलांना हातपाय न झाडता क्षणभर नजर शून्यात लागण्याचे झटके येतात, अशा ४५३ मुलांवरील एक तुलना अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झाली. इथोसक्सिमाइड आणि व्हॅलप्रोएट या दोन्ही औषधांनी झटके सारखेच आवरले. पण लक्ष न लागण्याचा दोष व्हॅलप्रोएट घेणाऱ्यांत शेकडा ४९ मुलांत, तर इथोसक्सिमाइड घेणाऱ्यांत शेकडा ३३ मुलांत आढळला. दोन्ही गोळ्यांनी झटके सारखेच थांबत असता वर्गातील मूल मात्र सारखे राहत नाही, याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

लॅमोट्रिजिन हे त्या मानाने बुद्धीला हलके समजले जाते. मात्र अंगावर गंभीर पुरळ उठण्याचा धोका टाळण्यासाठी ते फार हळूहळू वाढवावे लागते. लेव्हेटिरासिटामने स्मरणशक्तीवर ताण सहसा पडत नाही, पण काहींचा स्वभाव पालटतो. शांत माणूस भांडकुदळ होतो, मूल वस्तू फेकू लागते, कोणी खिन्न होऊन बसतो. घरच्यांना हा औषधाचा परिणाम असेल अशी शंकाही येत नाही.

शब्द न सापडण्याची तक्रार

या सर्वांत टोपिरामेटची हकीकत निराळी आहे, आणि अर्धशिशीचा संबंधही येथेच येतो. १९७९ साली अमेरिकेत मधुमेहावरील औषधाच्या शोधात असलेल्या रसायनशास्त्रज्ञांनी फळांतील साखरेपासून हे द्रव्य बनविले. ते अपस्मारावर गुणकारी ठरले. अमेरिकेत १९९६ साली अपस्मारासाठी आणि २००४ साली अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी त्याला मान्यता मिळाली. आज भारतातही दोन्ही विकारांत ते दिले जाते.

ते घेणाऱ्यांपैकी काहींना एक विलक्षण अडचण येते. समोरची वस्तू ओळखू येते, तिचा उपयोग कळतो, पण नाव जिभेवर येत नाही. शिक्षिका खडू हातात घेऊन ‘ते… लिहायचे…’ म्हणून थांबते. तलाठ्याला सर्व्हे नंबर वाचून दाखविताना मधलाच आकडा सुटतो. हिशेब चुकतात, वाक्य अर्धवट राहते, हातापायांना मुंग्या येतात व भूक मंदावते. हा मनाचा खेळ नव्हे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत, कोणताही रोग नसलेल्या निरोगी तरुणांना टोपिरामेट दिले असता त्यांचे अवधान व शब्द आठवण्याची गती घटल्याचे आढळले. त्याच तुलनेत लॅमोट्रिजिन घेणाऱ्यांत तशी घट दिसली नाही. निरोगी माणसात अपस्मार नाही व अर्धशिशीही नाही, तेव्हा दोष औषधाचाच, हे उघड आहे. समाधानाची गोष्ट अशी की मात्रा उतरविली वा औषध बदलले म्हणजे हरवलेले शब्द बहुधा परत येतात. अर्धशिशीत हे औषध २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्यास तितकेच वाढवीत दिवसाला १०० मिलिग्रॅमपर्यंत नेण्याची रीत आहे. घाईने वाढविल्यास त्रास जास्त होतो, आणि काही रुग्णांना याहून कमी मात्राही पुरते.

अर्धशिशीची इतर प्रतिबंधक औषधेही पूर्णतः निर्दोष नाहीत. अमिट्रिप्टिलिन रात्री घेतात, पण सकाळपर्यंत डोके जड राहते, आणि वृद्धांत तर विसर व भ्रम वाढू शकतो. फ्लूनारिझिनने झोप येते व वजन वाढते. ते दीर्घकाळ घेतल्यास खिन्नता आणि उतारवयात कंपवातासारखी लक्षणे उद्भवतात, म्हणून काही महिन्यांनी ते थांबविण्याची पद्धत आहे. दुसऱ्या बाजूने, अर्धशिशीच्या झटक्यातही डोके चालत नाही आणि झटका ओसरल्यावर दिवसभर मन बधिर राहते. सगळाच दोष गोळीच्या माथी मारता येणार नाही. रोज उठून दुकानातील डोकेदुखीची गोळी घेणाऱ्यांस तर त्या गोळ्यांमुळेच नवी डोकेदुखी जडते, पण तो स्वतंत्र विषय आहे.

रोग की औषध, हे कसे ओळखावे

येथे काळ हाच मोठा साक्षीदार आहे. मंदपणा गोळी सुरू होण्यापूर्वीच होता, की गोळी सुरू झाल्यावर वा मात्रा वाढविल्यावर काही आठवड्यांत आला? गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी जास्त होतो, की दिवसभर सारखाच असतो? दुसरी गोळी जोडल्यापासून फरक पडला का? या प्रश्नांची उत्तरे तपासणीच्या खोलीत पाच मिनिटांत मिळत नाहीत. ती घरात आणि शाळेत मिळतात. एका साध्या वहीत तारीख, गोळीचे नाव, मात्रा, वेळ, झटका आला की नाही आणि त्या दिवशी दिसलेला फरक एवढे लिहिले, तरी तज्ज्ञ डॉक्टरला ते महागड्या तपासणीइतके उपयोगी पडते.

शिक्षकांचे महत्त्व येथे फार आहे. तेच मूल चार तास एकसारखे पाहण्याची संधी त्यांच्यावाचून दुसऱ्या कोणास मिळते? ‘लक्ष नाही’ या शेऱ्याऐवजी ‘जूनमध्ये वीस ओळी लिहीत असे, ऑगस्टपासून आठच लिहितो, दुसऱ्या तासाला झोपतो’ असे लिहून पालकांच्या हाती दिलेली चिठ्ठी दवाखान्यात खरा पुरावा ठरते. उलट प्रकारही ध्यानी ठेवावा. वाचता वाचता मूल क्षणभर थांबते, पापण्या फडफडतात, आणि जणू काही घडलेच नाही असे ते पुन्हा वाचू लागते. असे दिवसातून अनेकदा होत असेल, तर तो दुर्लक्षाचा गुन्हा नसून न आवरलेला झटका असू शकतो. त्या मुलाला औषध जास्त झालेले नसून कमी पडत असते. झटक्यांमुळे मोडलेली झोप, मेंदूतील मूळ व्रण आणि चारचौघांत पडण्याच्या धास्तीने आलेले औदासीन्य हीदेखील मंदपणाची कारणे असतात. म्हणूनच निदान घरच्या घरी करावयाचे नाही.

गोळी आपल्या मनाने बंद करू नये, ही सूचना वारंवार दिली जाते. तिचे कारण क्वचितच सांगितले जाते. औषधाच्या दाबाखाली राहिलेल्या पेशींवरील तो दाब एकाएकी निघाला, तर त्या पूर्वीपेक्षाही अधिक उसळतात. फिनोबार्बिटोन व क्लोबाझाम यांसारख्या औषधांत हे विशेष घडते. मग एकामागून एक झटके येत राहतात आणि मध्ये शुद्ध येत नाही. पाच मिनिटांहून अधिक चाललेला झटका ही रुग्णालयात नेण्याची वेळ होय, कारण त्यात मेंदूला कायमची इजा होऊ शकते व मृत्यूही ओढवतो. परीक्षेच्या सकाळी पोरगा ताजातवाना राहावा म्हणून गोळी चुकविणारे पालक आहेत. आदल्या रात्रीच्या जागरणाने झटक्याची शक्यता आधीच वाढलेली असते, त्यात गोळीही चुकते. परीक्षेत पेंग येत असेल तर महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ वा मात्रा बदलून घेता येते. औषध कायमचे थांबविण्याचा विचारदेखील साधारणतः किमान दोन वर्षे झटक्यावाचून गेल्यावर होतो, आणि तेव्हाही ते काही महिन्यांत पायरीपायरीने उतरविले जाते.

लपविलेली गोळी

स्त्रियांच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. लग्नाच्या वेळी मुलीचा अपस्मार लपविला जातो. मग सासरी ती गोळी चोरून घेते, कधी चुकविते, आणि सुस्ती आली तर ‘आळशी’ हा शब्द ऐकून घेते. गोळीच मान्य करावयाची नाही, तेथे तिचा दुष्परिणाम कोणाला सांगणार? हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा यांत अपस्माराचे वारंवार येणारे झटके हा पूर्वी विवाहास अडथळा मानला जाई. १९९९ सालच्या दुरुस्तीने तो उल्लेख काढून टाकण्यात आला. कायद्यात झालेला हा बदल घरांपर्यंत पुरता पोहोचलेला नाही.

मातृत्वाच्या वयात औषधाची निवड केवळ स्त्रीच्याच बुद्धीचा प्रश्न राहत नाही. गरोदरपणी अपस्मारावरील औषधे घेतलेल्या मातांच्या मुलांची अमेरिका व इंग्लंड येथे पाहणी झाली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षानुसार, तीन वर्षे वयाच्या मुलांत व्हॅलप्रोएटच्या गटाचा बुद्ध्यंक लॅमोट्रिजिनच्या गटापेक्षा सरासरी ९ गुणांनी कमी होता. व्हॅलप्रोएटने गर्भात व्यंग निर्माण होण्याचा धोकाही अधिक असतो. २०१३ साली अमेरिकेतील औषध प्रशासनाने गरोदर स्त्रियांना अर्धशिशीच्या प्रतिबंधासाठी व्हॅलप्रोएट देऊ नये असे बजावले. २०२३ साली युरोपातील औषध संस्थेने टोपिरामेटवरही गर्भधारणेच्या संदर्भात निर्बंध सुचविले. याचा अर्थ दिवस गेल्याचे कळताच गोळी फेकून द्यावी असा नाही, कारण मोठा झटका माता व गर्भ या दोघांनाही घातक असतो. लग्न ठरताना किंवा मूल हवे असे वाटताच, दिवस जाण्यापूर्वी, औषध बदलण्याविषयी विचारावे आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू कराव्यात.

आरोग्य केंद्राच्या अधिकाऱ्यांसाठी एक बाब नमूद करणे आवश्यक आहे. साठा संपला म्हणून एका औषधाऐवजी दुसरे देणे, किंवा ‘चालू ठेवा’ एवढेच लिहून मात्रा वर्षानुवर्षे न पाहणे, यांतून पुष्कळसा त्रास उद्भवतो. वजन वाढलेल्या मुलाला मात्रा कमी पडते आणि उतारवयातील रुग्णाला तीच मात्रा जड होते. दर खेपेस झटक्यांबरोबर झोप, विसर, बोलणे, चिडचिड आणि शाळा किंवा काम यांविषयी एकेक प्रश्न विचारला, तर दोन मिनिटे अधिक लागतात. औषधाच्या दुष्परिणामांची नोंद घेण्यासाठी देशात २०१० सालापासून भारतीय औषधदक्षता कार्यक्रम चालविला जातो. त्याकडे डॉक्टरांप्रमाणेच स्वतः रुग्ण अथवा त्याचे नातेवाईकही माहिती पाठवू शकतात. अंगावर उठलेले पुरळ लोक तत्परतेने दाखवितात. गोळी सुरू झाल्यापासून शब्द आठवत नाहीत किंवा पाढे विसरतात, ही तक्रारही त्याच नमुन्यात लिहिता येते.